ताग, अंबाडी आणि गांजा : ओतूर-जुन्नरकडील एक नामभ्रम

जुन्नर प्रांताविषयीं इंग्रजी अमदानींत जें छापील साहित्य झालें त्यांत पिकांच्या याद्यांमध्यें 'हेम्प' हा शब्द भेटतो. कोश उघडून पाहिला तर हेम्प म्हणजे भांगेचें झाड असा अर्थ मिळतो. आणि मग भोळ्या वाचकाची अशी समजूत होते कीं, ओतूर, आळें, नारायणगांव या बागाईत गांवांतून एके काळीं गांजाचीं शेतें डुलत होतीं. ही समजूत केवळ परक्या अभ्यासकांची नाहीं. आपल्याकडील संग्राहकही जुन्नरी कागदाचें वर्णन इंग्रजींत करतांना 'हेम्प पेपर' असे शब्द योजितात, व पुढें त्याचें मराठी करणारा 'भांगेच्या धाग्याचा कागद' असें लिहून मोकळा होतो. एका शब्दाच्या पोटांत तीन निरनिराळीं झाडें दडलेलीं आहेत. तीं वेगळीं केल्याखेरीज या प्रांतांतील पीक, कागद आणि कैफ या तिहींचाही इतिहास नीट लागत नाहीं; म्हणून हा प्रपंच.

प्रथम स्थळाविषयीं. ओतूर हें जुन्नरच्या ईशान्येस मांडवी नदीच्या कांठीं वसलेलें जुनें बाजाराचें गांव होय. कल्याणाहून माळशेज घाट चढून नगरकडे जाणारी वाट याच गांवावरून जाते; त्यामुळें घाटाखालील व घाटावरील माल येथें एकमेकांस भेटत आला आहे. नदीकांठीं कपर्दिकेश्वराचें देवालय आहे. श्रावणांतील सोमवारीं तेथें कोरड्या तांदळाच्या पिंडी उभ्या करण्याचा प्रघात असून त्या पाहण्यास मोठी यात्रा जमते. त्याच परिसरांत चैतन्यांची समाधि आहे व तुकोबारायांच्या गुरुपरंपरेंतील केशव चैतन्य ते हेच, अशी तेथील श्रद्धा आहे. कपर्द म्हणजे कवडी आणि कपर्द म्हणजे जटाही. नांवाचा अर्थ कोणी कसा लावावा हें ज्याचें त्यानें ठरवावें. शंकराचें एवढें मोठें स्थान आहे तेव्हां तेथें भांग-गांजाचा राबता असलाच पाहिजे, असें अनुमान कोणी करील. पण देव शैव म्हणून गांव गांजेकस ठरत नाहीं, आणि शेजारीं वारकऱ्यांची समाधि म्हणून तें निर्व्यसनीही ठरत नाहीं. अशा गोष्टींस पुरावा लागतो. आणि छापील नोंदींतला जो पुरावा पुढें केला जातो तो गांजाचा नसून दोरखंडाचा आहे.

मुंबई सरकारनें पुणें जिल्ह्याचें ग्याझेटियर 1885 सालीं तीन भागांत प्रसिद्ध केलें. त्या मालेंतील जिल्हावार पुस्तकांत धाग्याच्या पिकांचें वर्णन करतांना दोन नांवें येतात : एक 'बाँबे हेम्प' म्हणजे ताग अथवा सण, व दुसरें 'ब्राउन हेम्प' म्हणजे अंबाडी. वनस्पतिशास्त्रांत पहिल्याचें नांव क्रोटालेरिया जुन्सिया व दुसऱ्याचें हिबिस्कस कॅनॅबिनस. पहिलें झाड शेंगवर्गीय, म्हणजे तुरीहरभऱ्याचें भाऊबंद. दुसरें भेंडीकापसाच्या कुळांतलें. भांगेचें कॅनॅबिस सटायव्हा या दोहोंपासूनही दूरचें आहे. अंबाडीच्या पानाचा आकार थोडाबहुत भांगेच्या पानासारखा हाताच्या पंजासारखा फांटलेला असतो, एवढ्याच साम्यावरून लिनीअसनें तिला 'कॅनॅबिनस' म्हणजे भांगेसारखी हें विशेषण दिलें. शास्त्रज्ञानेंच असा घोटाळा पेरून ठेवल्यावर कलेक्टर कचेरींतील कारकुनास दोष काय द्यावा!

ताग आणि अंबाडी यांचें महत्त्व ज्यांनीं मोटेचें पाणी पाहिलें आहे त्यांस सांगावयास नको. जुन्नर-ओतूरकडील बागाईत विहिरीवर व पाटावर चाले. मोट ओढावयाची तर जाड नाडा पाहिजे, सोंडेस बारीक सोंदूर पाहिजे. बैलास वेसण, म्होरकी, दावें पाहिजे. गाडीस चऱ्हाट पाहिजे. हें सारें वाखाचें होई. ताग पावसाच्या आरंभीं दाट पेरीत, म्हणजे ताटें सरळ व उंच चढत. पिवळा फुलोरा होऊन गेल्यावर तीं कापून पेंढ्या बांधीत व डबक्यांत किंवा नदीच्या संथ पाण्यांत दगड ठेवून कुजत घालीत. साल सुटूं लागली कीं सोलून, आपटून, धुवून वाख काढीत. अंबाडी बाजरीच्या शेतांत ओळीनें किंवा बांधाच्या कडेनें टाकीत. तिच्या कोंवळ्या पाल्याची आंबट भाजी घरोघर होई व उरलेल्या सोटाचा वाख होई. दोर वळण्याचें काम बलुत्यांपैकीं मांगाकडे असे. शेतकऱ्याच्या हिशेबांत हीं दोन्ही पिकें घरखर्चाचीं. विक्रीच्या मालांत त्यांचा भाव थोडा, पण तीं नसलीं तर विहीर असून नसल्यासारखी.

येथवर कैफाचा संबंध कोठेंही आला नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. आतां खऱ्या भांगेकडे वळूं.

संस्कृत वाङ्मयांत शण आणि भंगा हे दोन शब्द आरंभापासून वेगळे आहेत. अथर्ववेदांत दोहोंचेंही नांव येतें. अकराव्या कांडांत भंग हा सोमाबरोबर वनस्पतींच्या गणनेंत सांपडतो. पाणिनीनें धान्यांच्या शेतांचीं नांवें कशीं साधावीं हें सांगतांना तीळ, उडीद, जवस यांच्या पंक्तींत भंगेस बसविलें आहे. तिच्या शेतास भांग्य किंवा भांगीन म्हणत. अमरकोशांत मातुलानी हें तिचें पर्यायनाम वैश्यवर्गांत धान्यांच्या शेजारीं आहे. म्हणजे शेतांत पेरण्याचें पीक म्हणून तिची ओळख फार जुनी. क्षत्रियाचें यज्ञोपवीत शणसूत्राचें असावें असें मनुस्मृति सांगते तेव्हां तो शण, भंगा नव्हे. कैफाचें द्रव्य म्हणून भंगेचा उच्चार वैद्यक ग्रंथांत बराच उशीरा, सुमारें अकराव्या-बाराव्या शतकापासून होऊं लागतो. शार्ङ्गधरानें व्यवायी द्रव्याचें, म्हणजे पचण्यापूर्वींच अंगभर पसरणाऱ्या द्रव्याचें, उदाहरण म्हणून भंगा आणि अफू हीं दोन दिलीं आहेत. भावप्रकाशांत ती कडू, तीक्ष्ण, उष्ण, हलकी, कफ हरणारी, पित्त वाढविणारी, भूक चेतविणारी, आणि मोह, मद व वाचाळपणा आणणारी म्हटली आहे. विजया, जया, इंद्राशन अशीं तिचीं गौरवाचीं नांवें निघंटूंत दिसतात. शणास असें एकही नांव मिळालेलें नाहीं. दोरखंडाच्या वाट्यास गौरव येत नसतो.

दक्षिणेंतील भांगेचें डोळसपणें केलेलें जुनें वर्णन मात्र आपल्या माणसाचें नसून पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचें आहे. हा 1534 सालीं गोव्यास आला व पुढें जन्मभर इकडेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या पदरीं त्याचें वैद्य म्हणून येणेंजाणें होतें. आणि निजामशाहीचा उगमच 1490 त जुन्नरांत झालेला असल्यामुळें त्याचें लिहिणें आपल्या प्रांतास परकें नाहीं. त्याचे औषधींवरील संवाद गोव्यास 1563 त छापून निघाले. त्यांतील 'बांगे'वरच्या संवादांत तो म्हणतो कीं, हें झाड आमच्याकडील धाग्याच्या झाडासारखें दिसतें खरें, पण याचें बीं लहान व कमी पांढरें, आणि खोड लाकडाचें असून त्यावर साल थोडी. ही एकच ओळख किती मोलाची आहे ती पाहा. युरोपांत ज्या झाडापासून दोर व शिडें होत, त्याचाच दख्खनी भाऊ दोरास निरुपयोगी, हें त्यानें साडेचारशें वर्षांपूर्वीं ओळखलें. ज्या प्रांतांत भांगेच्या खोडावर वाखच नाहीं, तेथें दोर कशाचे वळत हा प्रश्न त्याच्यापुढें सहजच सुटला असता.

चवीविषयींही त्याची माहिती चांगली आहे. पाला वाटून, कधीं बीं घालून, त्यांत हिरवी सुपारी मिसळीत; श्रीमंत लोक जायफळ, जायपत्री, लवंग, कापूर, अंबर, कस्तुरी व कोणी अफूही घालीत. परिणाम काय होतो हें त्यानें आपल्याच चाकरांकडून ऐकलें : काम जड वाटत नाहीं, मन प्रसन्न राहतें व खाण्याची वासना फार होते. गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें मार्तीं आफोंसो द सौझा यास सांगितलेली गोष्टही तो देतो. रात्रीं पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्थान, अरबस्थान, इराण जेथें म्हणून जाण्याची इच्छा झाली तेथें आपण थोडी बांग खाऊन जाऊन येतों, असें शहा म्हणाला. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नव्हे. भांगेनें काळ लांबल्यासारखा वाटतो व कल्पना मोकळी सुटते, हें आजचें शास्त्रही सांगतें. शहानें तें राजाच्या भाषेंत सांगितलें इतकेंच.

आतां लागवडीचें. दख्खनांत गांजासाठीं भांगेची लागवड होत असे हें खरें. पण तिचें मुख्य क्षेत्र म्हणून अव्वल इंग्रजींतील व नंतरच्या नोंदींत नगर आणि सातारा या जिल्ह्यांचीं नांवें पुढें येतात. ओतूरच्या पूर्वेस नगरचा मुलूख लागतो व माळशेजची वाट ओतुरावरून उतरते, तेव्हां घाटाखालीं जाणाऱ्या मालांत गांजाचीं पोतीं असणें असंभवनीय नाहीं. हें अनुमान आहे, व अनुमान म्हणूनच घ्यावें. माल गांवावरून जाणें आणि गांवांत पिकणें यांत अंतर आहे.

या पिकाची रीत तागाच्या अगदीं उलट. ताग दाट पेरावा तेव्हां सरळ वाढतो. गांजाचें झाड विरळ लावावें तेव्हां फांद्या फुटून शेंडे भरतात. पावसाळ्यांत लावून हिंवाळ्यांत पीक घेत. जमीन निचऱ्याची, भरपूर खतवलेली व पाण्याखालची लागे. या झाडांत नर व मादी वेगवेगळे असतात. मादीच्या फुलोऱ्यास परागाचा स्पर्श झाला कीं ती बीं धरते व राळ कमी होते, म्हणून फुलोरा येण्यापूर्वींच नर ओळखून उपटून टाकावे लागत. बंगालांत राजशाहीकडील नौगांव भागांत हें काम करणारे 'पोद्दार' नांवाचे फिरते जाणकार असत. एका शेतांत चारदोन नर राहून गेले तर शेजाऱ्यांचेंही पीक बिघडे. मौज अशी कीं, तिकडील शेतकरी ज्यास शास्त्र नर म्हणतें त्यासच 'मादी' म्हणत. धट्टेंकट्टें, भरदार झाड तें नर, व किरकोळ तें मादी, असा त्यांचा व्यवहार. तेव्हां तिकडील एखाद्या जुन्या टिपणांत 'मादी काढून टाकाव्या' असें लिहिलेलें सांपडल्यास वाचणाऱ्यानें लिहिणारा चुकला असें समजूं नये. शब्द उलटा आहे, शेती बरोबर आहे.

कापणीनंतर आमच्याकडे शेंडे खळ्यावर पसरून पायांनीं तुडवीत, उलथून पुन्हां तुडवीत, व असें कांहीं दिवस केल्यावर राळेनें चिकटलेल्या चपट्या थरांचा गांजा तयार होई. बंगालांत चपट्याबरोबर हातानें वळलेला गोल गांजाही करीत. झडलेला पाला ती भांग. चरस म्हणजे निव्वळ राळ. ती दख्खनांत निघत नसे, यारकंदाकडून लेहच्या वाटेनें पंजाबांत येई. एकाच झाडाचा पाला, शेंडा व राळ, अशी ही चढती भांजणी. मराठींत हे भेद इतके पक्के आहेत कीं, पिणारा तो भंगड व ओढणारा तो गांजेकस. एकाच्या हातीं घोटा, दुसऱ्याच्या हातीं चिलीम, खडा व ओली छापी. त्यांचा बसण्याउठण्याचा समाजही पुष्कळदां वेगळा. भांग शिवरात्रीस व होळीस बऱ्या घरांतही चाले. चिलीम बैराग्याच्या धुनीपाशीं, तालमीच्या पाठीमागें किंवा श्रमणाऱ्या माणसाच्या विसाव्याच्या जागीं. घोट्यांत मिरीं, खसखस, बडीशेप, बदाम, गुलाबकळी, साखर व दूध पडत. नुसत्या पाल्याची चव कडवट, हिरवट, किंचित् धुरकट राळेसारखी असते. आजचे रसायनज्ञ सांगतात कीं, तिच्या वासांत आंब्याच्या चिकांत सांपडणारें मिर्सीन व मिऱ्यांत, लवंगेंत सांपडणारें कॅरिओफिलीन हीं द्रव्यें असतात. तेव्हां मिऱ्याची व भांगेची सोयरीक जुळविणाऱ्या जुन्या घोटेकऱ्याची जीभ प्रयोगशाळेपेक्षां फारशी मागें नव्हती असें म्हणावें लागतें.

वैद्यांनीं भांगेचें शोधन सांगितलें आहे : पाला धुवून वाळवावा, दुधांत शिजवावा किंवा गाईच्या तुपावर परतावा. याचाही उलगडा आतां होतो. झाडांतील मुख्य मादक द्रव्य हिरव्या पाल्यांत निष्क्रिय आम्लरूपानें असतें. तें उष्णतेनें जागें होतें व स्निग्ध पदार्थांत विरघळतें, पाण्यांत नव्हे. त्याची रचना इस्रायलमधील मेशूलम व गाओनी यांनीं 1964 त निश्चित केली. ओढलेला धूर घटकाभरांत चढतो व लौकर उतरतो. प्यालेली भांग तासदीडतासानें चढते व फार वेळ राहते. कांहींच झालें नाहीं म्हणून दुसरा पेला घेणारा होळीचा पाहुणा मध्यान्हीं कां गडबडतो, याचें कारण एवढेंच.

येथें आणखी एका नामभ्रमाचा उल्लेख करणें प्राप्त आहे. परदेशच्या बाजारांत हल्लीं या वनस्पतीचे 'सटायव्हा' व 'इंडिका' असे दोन वर्ग करितात. पहिली उल्हास देणारी व दुसरी अंग सैल करून झोंप आणणारी, असें सांगतात. इंडिका म्हणजे हिंदी, तेव्हां ही शांतविणारी जात आपलीच, असा अभिमान वाटण्याचा संभव आहे. परंतु 'कॅनॅबिस इंडिका' हें नांव लामार्कनें 1785 त दिलें तें सोनेरा या प्रवाशानें हिंदुस्थानांतून आणलेल्या नमुन्यांवरून. आणि त्यानें सांगितलेली खूण काय, तर खोड कठीण, साल पातळ, त्यामुळें युरोपांतल्याप्रमाणें धागा निघत नाहीं, आणि उपयोग कैफाचा. गार्सियानें 1563 त हेरलेली खूणच ही! आजच्या बाजारांतील इंडिका म्हणजे मात्र हिंदुकुशाकडील, अफगाणिस्थानांतील, बुटकें, रुंद पानांचें झाड. दख्खनी गांजाचें झाड उंच, फांद्या पसरलेलें व अरुंद पानांचें. बाजारी भाषेप्रमाणें तें 'सटायव्हा'च ठरेल. हा पालट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत झाला. अलीकडे या झाडांच्या बीजाची सूक्ष्म तपासणी झाली तेव्हां बाजारी नांवें आणि खरें नातें यांचा मेळ फारसा बसला नाहीं. शांतविण्याचा गुण नांवांत नसून राळेच्या घटनेंत, मात्रेंत आणि घेणाऱ्याच्या प्रकृतींत शोधला पाहिजे.

गुणदोषांचा विचार करतांना कागदपत्रांच्या परीक्षेचा एक उत्तम धडा हातीं लागतो, तो संशोधकांनीं विशेषेंकरून पाहावा. विलायतेंत पार्लमेंटांत प्रश्न निघाल्यावरून हिंदुस्थान सरकारनें 1893 त 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमलें. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सभासदांत ताहिरपूरचे राजे शशिशेखरेश्वर राय, कंवर हरनामसिंग व लाला निहालचंद हे तिघे हिंदी. नांवांत पुन्हां तोच 'हेम्प'. मात्र कमिशननें सखल मुलखांतील ताग-अंबाडी व हें झाड यांची गल्लत केली नाहीं, आणि भांगेच्या झाडाचा धागा हिमालयाच्या बाजूसच काढतात हें नमूद केलें. सुमारें 1200 साक्षी घेऊन 1894 त अहवाल पुरा झाला. गांजानें माणसें वेडीं होतात, वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदी त्याचा पुरावा आहेत, असा त्या वेळचा सार्वत्रिक समज होता. कमिशननें 1892 सालीं दाखल झालेल्या 1344 माणसांच्या नोंदी हातीं घेतल्या. त्यांपैकीं 222 जणांपुढें कारणाच्या रकान्यांत या द्रव्यांचें नांव होतें. एकेक प्रकरणाची मुळापासून चौकशी केली तेव्हां 98 जणांच्या बाबतींतच तें कारण कसेंबसें टिकलें, आणि त्यांतही केवळ याच द्रव्यामुळें असें म्हणण्यासारखीं 61 होतीं.

मग उरलेल्यांपुढें तो शब्द आला कोठून? तर माणूस पकडून आणणाऱ्या पोलिसाच्या कैफियतींतून. वेडाचें कारण लिहिलेंच पाहिजे असा फार्म. कारण ठाऊक नाहीं. माणूस फकीर-बैरागी दिसतो किंवा केव्हां तरी चिलीम ओढतांना कोणी पाहिलेला. तेव्हां लिहा 'गांजा'. पोलिसाचा शब्द कारकुनानें उतरला, कारकुनाचा डॉक्टरनें, डॉक्टरचा वार्षिक कोष्टकानें. आणि कोष्टक विलायतेस जाऊन पुरावा झालें. मूळ शब्द लिहिणाऱ्यास ती गोष्ट ठाऊक होती काय, हा प्रश्न मधल्या कोणीच विचारला नव्हता. जे शंभरावर लोक या एका शब्दाच्या जोरावर गांजानें वेडे झालेले ठरले, त्यांच्या दुःखाचें खरें कारण त्या शब्दाखालीं गाडलें गेलें तें गेलेंच. आपण सनदा, महजर, करिने तपासतांना जो नियम पाळतों तोच कमिशननें इस्पितळाच्या वहीस लाविला.

कमिशनचा निष्कर्ष असा झाला कीं, मित सेवनानें बहुधा अपाय होत नाहीं, अतिसेवन घातक आहे, आणि संपूर्ण बंदी करूं नये. कर व नियंत्रण असावें. राजे शशिशेखरेश्वर राय व लाला निहालचंद यांनीं आपलीं भिन्नमतपत्रें जोडलीं, तींही वाचण्यासारखीं आहेत. परंतु या निष्कर्षास निर्दोषपणाचा दाखला समजणें बरोबर होणार नाहीं. डोळे लाल होणें, घसा कोरडा पडणें, भूक लागणें, हसूं येणें, अंग हलकें व मन सैल होणें, हें थोड्याशा मात्रेचें. मात्रा वाढली कीं भय, भ्रम व छातींत धडधड. तरुण वयांत व रोज जबर मात्रेनें घेणाऱ्यांस चित्तभ्रमाचा धोका वाढतो, असें गेल्या पन्नास वर्षांतल्या अभ्यासांतून पुढें आलें आहे. 222 च्या जागीं 98 म्हणजे शून्य नव्हे.

आतां कागदाविषयीं; कारण या लेखाच्या वाचकांस त्याचीच गरज अधिक. जुन्नरी कागद हा दौलताबादी कागदाप्रमाणेंच दप्तरांत नामांकित. जुने तागाचे दोर, गोण्या, तरट यांचे तुकडे करून, चुन्याच्या पाण्यांत मुरवून, ढेकींत कांडून, नदीवर धुवून त्याचा लगदा करीत; हौदांत ढवळून साच्यावर ताव उचलीत, भिंतीवर वाळवीत, खळ देऊन गुळगुळीत दगडानें किंवा शिंपीनें घोटीत. (घोटणें हें क्रियापद भांगेस व कागदास दोहोंसही लागतें, दोहोंचा संबंध म्हणाल तर एवढाच.) तेव्हां जुन्नरी कागदाच्या धाग्यास 'हेम्प' म्हणणें इंग्रजी बोलीप्रमाणें अगदींच खोटें नाहीं, कारण ताग हाही इंग्रजांचा एक हेम्पच, पण त्याचें भाषांतर 'भांग' असें करणें साफ चुकीचें. यांत आणखी एक गुंता आहे. बंगालच्या ज्यूटासही शाळेच्या पुस्तकांतून मराठींत 'ताग' म्हणूं लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बंगाली ज्यूटचीं गोणपाटें देशभर पसरलीं, तेव्हां त्या काळच्या कागदांत मूळच्या तागाची जागा कांहीं अंशीं ज्यूटनें घेतली असावी, असें मला वाटतें. तसें असल्यास धाग्याची परीक्षा कालनिर्णयासही उपयोगी पडेल. म्हणून सूचि करणाऱ्यांनीं 'हेम्प' असा मोघम शब्द न घालतां, सूक्ष्मदर्शकानें पाहिलें असेल तर 'सण-ताग', 'अंबाडी', 'ज्यूट', 'भंगा' यांपैकीं नेमकें नांव लिहावें, व पाहिलें नसेल तर 'वाखाचा, न तपासलेला' एवढेंच लिहावें. जुन्या मराठी कागदांत 'ताग' आला असतां इंग्रजी गोषवाऱ्यांत 'हेम्प' न घालतां 'ताग' असाच शब्द ठेवावा.

गांजाच्या लागवडीचा पुढील इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखा. मुंबई इलाख्यांत 1878 च्या अबकारी कायद्याखालीं परवाने व कर होते. 1949 त दारूबंदीचा कायदा आला. आणि 1985 च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें देशभर खाजगी लागवड व गांजा-चरस यांचा व्यवहार दंडनीय झाला. त्या कायद्याच्या व्याख्येंत गांजा म्हणजे फुलाफळाचे शेंडे. शेंड्यावेगळा पाला व बीं त्यांतून वगळलीं आहेत, म्हणून भांगेचा प्रश्न प्रांतोप्रांतींच्या नियमांवर राहिला. पाला आणि शेंडा यांमधील जी रेघ भंगड व गांजेकस हे आपसांत ओढीत, तीच अशा रीतीनें कायद्यांत येऊन बसली आहे.

ओतूरच्या शेतांतून मोट गेली, नाडा-सोंदूर गेले, दावीं नायलॉनचीं झालीं. ताग मात्र अजून पेरतात, वाखासाठीं नव्हे, तर फुलोऱ्यावर येतांच नांगरून जमिनींत गाडण्यासाठीं. हिरवळीच्या खतास तो चांगला. ओतुरास आतां कांद्याचा मोठा बाजार भरतो, आणि कांद्याच्या रानास विसावा म्हणून कोणी शेतकरी बियाण्याच्या दुकानांत जाऊन ताग मागतो, तेव्हां दुकानदार निमूटपणें पिशवी काढून देतो.